न भरणारी जखम आणि कातडीचा कर्करोग

शेतात राबणाऱ्या माणसाच्या हातापायांना जखमा नव्या नाहीत. विळा लागतो, उसाचे पाते कापते, अनवाणी पायात बाभळीचा काटा मोडतो. आपण हळद दाबतो, चिंधी बांधतो आणि कामाला लागतो. बहुतेक जखमा दोन-तीन आठवड्यांत भरून येतात. पण एखादी जखम महिना-दीड महिना झाला तरी भरत नाही. खपली धरते, गळून पडते, पुन्हा ओली होते. अशा जखमेकडे दुर्लक्ष का करू नये, हे समजण्यासाठी कातडीच्या आत काय चालते ते पाहू.

आपली कातडी सूक्ष्म पेशींच्या थरांची बनलेली आहे. तळाच्या थरात नव्या पेशी जन्मतात, हळूहळू वर सरकतात आणि काही आठवड्यांनी झडून जातात. केव्हा वाढायचे, केव्हा थांबायचे, कोणाला धरून राहायचे, हे पेशी आपल्या मनाने ठरवीत नाही. शेजारच्या पेशींकडून आणि रक्तातून तिला तसे निरोप येतात. ते घेण्यासाठी तिच्या पृष्ठभागावर हजारो लहान लहान रेणू बसवलेले असतात. डॉक्टर त्यांना रिसेप्टर म्हणतात. आपण त्यांना ग्राही म्हणू. ग्राही म्हणजे दाराचे कुलूप आणि निरोप म्हणजे किल्ली असे समजावे. ज्या कुलपाची जी किल्ली, तीच त्याला चालते. किल्ली फिरली की पेशीच्या गाभ्यापर्यंत हुकूम पोचतो.

कर्करोगाची पेशी बाहेरून आलेली नसते. ती आपलीच पेशी असते. तिची कुलपे बिघडलेली असतात किंवा कुलपामागची यंत्रणा बिघडलेली असते. म्हणून हा रोग शिवल्याने किंवा एका ताटात जेवल्याने दुसऱ्याला लागत नाही.

वाढीच्या कुलपाचा शोध उंदरांमुळे लागला. अमेरिकेतील शास्त्रज्ञ स्टॅन्ली कोहेन यांनी उंदराच्या लाळग्रंथीचा अर्क नवजात पिलांना टोचला, तेव्हा पिलांचे डोळे नेहमीपेक्षा लवकर उघडले. पापण्यांची कातडी झपाट्याने वाढविणारा पदार्थ त्या अर्कात होता. 1962 साली त्यांनी तो वेगळा काढल्याचे प्रसिद्ध केले. पुढे त्या पदार्थाचा पेशीवरील ग्राहीही सापडला. या कामाबद्दल कोहेन यांना 1986 साली रीटा लेव्ही-मोन्ताल्चिनी यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्याला जखम झाली की हाच ग्राही कामाला लागतो. निरोप येतो, कडेच्या पेशी वाढतात, सरकतात, जखम झाकतात आणि थांबतात. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर दाबला, वाफे भिजले, मोटार बंद केली, तसेच हे. पण स्टार्टर अडकला आणि मोटार बंदच झाली नाही तर बांध फुटतो. कातडीच्या वरच्या थरातील पेशींचा जो कर्करोग असतो, त्याला स्क्वेमस प्रकार म्हणतात. त्यात पुष्कळदा हा वाढीचा ग्राही गरजेपेक्षा जास्त संख्येने असतो किंवा जास्त जोराने काम करतो. पेशी थांबायचे विसरते.

हा बिघाड एका दिवसात होत नाही. उन्हातील अतिनील किरण पेशीच्या गाभ्यातील लेखात चुका करतात आणि त्या वर्षानुवर्षे साठत जातात. तीच गोष्ट सतत घासल्या किंवा भाजल्या जाणाऱ्या कातडीची. तिथे दुरुस्तीचे काम कधी संपतच नाही, आणि पेशी जितक्या वेळा दुभंगते तितकी चुकीची संधी वाढते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्याने 1945 साली धोतराच्या कर्करोगाचे वर्णन केले. कमरेला रोज एकाच जागी धोतर घट्ट आवळल्याने कातडी काळवंडते, जाड होते, चिरते आणि काही जणांत तिथे कर्करोग होतो. पुढे साडी किंवा परकराची नाडी घट्ट बांधणाऱ्या स्त्रियांतही असे रोगी आढळले. काश्मीरमध्ये अंगाशी शेगडी धरून बसणाऱ्यांच्या पोटाला आणि मांड्यांना होणारा कांगडी कर्करोग याच जातीचा. जुन्या भाजल्याच्या व्रणात आणि कुष्ठरोगामुळे बधिर झालेल्या तळपायाच्या जुनाट जखमेतही तो कित्येक वर्षांनी उद्भवू शकतो.

काही ग्राही वाढविण्यासाठी नसून आवरण्यासाठी असतात. पॅच्ड नावाचा ग्राही गाडीच्या ब्रेकसारखा आहे. योग्य निरोप येईपर्यंत तो वाढ दाबून धरतो. त्याचा माग फळमाशीच्या अळ्यांवरील संशोधनातून लागला. ते संशोधन 1980 साली प्रसिद्ध झाले आणि त्याबद्दल ख्रिस्तियाने न्युसलाइन-फोलहार्ड व एरिक वीशाउस यांना 1995 साली नोबेल मिळाले. माणसात हा ब्रेक तुटला की कातडीचा बेसल नावाचा कर्करोग होतो, हे 1996 साली कळले. चेहऱ्यावर मोत्यासारखी चकाकणारी, हळूहळू वाढणारी गाठ हे त्याचे नेहमीचे रूप. तो सहसा दूर पसरत नाही, पण नाक-डोळा पोखरू शकतो.

सर्वांत घातक तो काळा कर्करोग, म्हणजे मेलानोमा. कातडीला रंग देणाऱ्या पेशींत तो होतो. निरोगी रंगपेशी शेजारच्या पेशींना हातात हात घालावा तशी पृष्ठभागावरील रेणूंनी धरून असते, आणि शेजारणी तिला आवरून ठेवतात. मेलानोमात ही पकड सुटते. पेशी आपल्या पृष्ठभागावर दुसरेच रेणू आणते, त्यांच्या आधाराने खालच्या थरांत उतरते आणि तेथून रक्तात व लसिकांत शिरते. आपल्या सावळ्या कातडीतील रंग उन्हापासून बराच बचाव करतो, म्हणून हा रोग आपल्याकडे कमी. पण होतो तेव्हा तो पुष्कळदा तळपायावर किंवा नखाखाली होतो, जिथे उन्हाचा फारसा संबंध नाही आणि जिथे आपण कधी पाहत नाही. जमैकाचे गायक बॉब मार्ली 1981 साली वयाच्या 36 व्या वर्षी वारले. त्यांचा मेलानोमा पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली सुरू झाला होता.

शरीराचे रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशी अशा चुकार पेशींना मारू शकतात. पण त्यांच्यावरही पीडी-1 नावाचे एक थांबण्याचे कुलूप असते. कर्करोगाची पेशी नेमकी त्याचीच किल्ली पुढे करते आणि राखणदार स्वस्थ बसतो. जपानचे तासुकू होन्जो यांच्या प्रयोगशाळेने हे कुलूप 1992 साली शोधले. अमेरिकेचे जेम्स ॲलिसन यांनी तशाच दुसऱ्या कुलपावर काम केले. दोघांना 2018 साली नोबेल मिळाले. ते कुलूप झाकणारी औषधे मेलानोमासाठी 2014 पासून वापरात आली आणि पसरलेल्या रोगातही कित्येकांना त्यांनी वर्षानुवर्षांचे आयुष्य दिले. मात्र ती सर्वांना लागू पडत नाहीत, आणि शेतकऱ्याच्या खिशाला फार जड आहेत. त्याउलट मेलानोमा एक मिलिमीटरहून कमी खोल असताना कापून काढला, तर बहुसंख्य रोगी बरे होतात. इतर दोन प्रकारही लवकर काढले तर सहसा तेवढ्याच शस्त्रक्रियेने बरे होतात.

तेव्हा पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

1. महिन्याहून जास्त काळ न भरणारी, किंवा जुन्या व्रणावर नव्याने फुटलेली जखम डॉक्टरांना दाखवावी.

2. तळपायावर किंवा तळहातावर नवा काळा डाग, वाढणारा, कडा वेड्यावाकड्या असलेला किंवा रंग बदलणारा तीळ, नखाखाली रुंदावत जाणारी काळी रेघ दिसली तर ती लगेच दाखवावी.

3. कुरूप समजून असा डाग ब्लेडने कापू नये. चुना किंवा बिब्बा लावून जाळू नये. त्याने वरचे रूप बदलते, आतला रोग तसाच राहतो आणि मोलाचे महिने जातात.

4. तपासणीसाठी तुकडा काढला की कर्करोग पसरतो, ही समजूत चुकीची आहे. तुकडा तपासल्यावाचून रोगाची खात्री होत नाही.

5. धोतर, साडी, नाडी सैल बांधावी आणि जागा बदलत राहावी. भर दुपारच्या उन्हात डोके व हात झाकावेत. शेतात पायताण वापरावे.

पिकावर कीड दिसली की आपण पान उलटून पाहतो. तशीच आठवड्यातून एकदा, आंघोळीच्या वेळी, आपल्या पायाची पालथी बाजू पाहावी. घरातील म्हाताऱ्या माणसांना वाकता येत नाही. त्यांचे तळपाय मुलानातवंडांनी पाहावेत. कातडीचा रोग डोळ्यांपुढे असतो आणि लवकर दिसतो. तो बघितला मात्र पाहिजे.