एक जानेवारीला जन्मलेल्यांचा अध्यक्ष

हिंगोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ज्येष्ठ नागरिक संघाची सभासद नोंदवही चाळली, तर जन्मतारखेच्या रकान्यात पानोपानी एकच तारीख भेटते : १ जानेवारी. साल तेवढं बदलतं. आधारची नोंदणी झाली तेव्हा जन्माचा दाखला होता कुणाकडे? ऑपरेटरनं वय विचारलं, समोरच्यानं अंदाजे सांगितलं, त्यावरून साल पडलं आणि दिवस-महिना वर्षाच्या पहिल्या तारखेला जाऊन बसला. जुनी माणसं वय आकड्यात सांगतच नाहीत. ‘रझाकारीत मी पाळण्यात होते’, ‘बहात्तरच्या दुष्काळात थोरलं लेकरू काखेत होतं आन् मी खडी फोडायला जायची’, अशी त्यांची मोजणी. निजामाचं राज्य आणि त्याबरोबर रझाकारी सप्टेंबर १९४८ मध्ये संपली. म्हणजे तेव्हा पाळण्यात असलेली बाई आज पंच्याहत्तरीच्या पुढे असणारच. तिचं आधार मात्र तिला अडुसष्टची ठरवतं. कागदावर हरवलेली ही वर्षं शोधून देणं, हे संघाच्या अध्यक्षांचं पहिलं काम.

अध्यक्ष जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. वय चौऱ्याहत्तर. गाव त्यांना गुरुजी म्हणतं. आठवडी बाजाराच्या दिवशी सकाळी दहा ते दोन ते संघाच्या खोलीत बसतात. दिवस विचार करून निवडलेला आहे. खेड्यातला म्हातारा माणूस खास संघासाठी एसटी धरत नाही; बाजार, बँक, दवाखाना आणि वाटेत संघ, असं एका फेरीत जमत असेल तरच येतो. अशा काही बाजारांना मी त्यांच्या टेबलाशेजारी बसून होते.

टेबलामागच्या भिंतीवर हातानं लिहिलेला तक्ता आहे. साठ वर्षं पूर्ण : आईवडील व ज्येष्ठ नागरिकांचा २००७चा कायदा आणि जुलै २०१८चं राज्याचं ज्येष्ठ नागरिक धोरण लागू. पासष्ट : श्रावणबाळ योजना, वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत, २०२३ पासून महिना १५०० रुपये, एसटीत अर्धं तिकीट, मुख्यमंत्री वयोश्री योजनेचे एकरकमी ३००० रुपये. सत्तर : ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड, पाच लाखांपर्यंतचे उपचार, उत्पन्नाची अट नाही. पंच्याहत्तर : ऑगस्ट २०२२ पासून एसटी मोफत. ऐंशी : केंद्राच्या निवृत्तिवेतनाचा वाटा २०० वरून ५००. सरकारच्या लेखी माणूस असा पाच वेळा म्हातारा होतो, आणि दर वेळी त्याला ते नव्यानं सिद्ध करावं लागतं.

एका बाजाराला सेनगावकडच्या तांड्यावरून एक आजी आल्या. मुलगा-सून ऊसतोडीला गेलेले, दोन नातवंडं त्यांच्यावर सोपवून. श्रावणबाळचे पैसे चार महिने आले नव्हते. “मशीन अंगठा घेईना गेलं गुरुजी. बँकवाला म्हणतोय, हात घासून ये.” आजींनी तळवा पुढे केला. निंदणी, कापूसवेचणी, उकडलेल्या हळदीची साफसफाई यांत जन्म गेलेला. बोटांवरच्या रेषा उरल्याच नव्हत्या.

गुरुजींनी आधी पाणी दिलं. मग ठरलेल्या क्रमानं तीन प्रश्न विचारले. पैसे कधीपासून बंद? पासबुकं किती आहेत? मोबाईल कुणाचा जोडलाय? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पिशवीतून निघालं. पासबुकं दोन होती. थेट लाभ हस्तांतरणात पैसा आधारच्या मागे जातो, आणि आधार शेवटी ज्या खात्याला जोडलं त्यात पडतो. आजी जुन्या खात्यावर अंगठा लावत होत्या. पैसे मुलानं नंतर उघडून दिलेल्या खात्यात पडत होते. अंगठ्याची अडचण खरी होती, पण पैसे तिच्यामुळे अडले नव्हते. गुरुजींनी वहीत नाव, तांडा, तक्रार, कुठल्या कार्यालयाकडे आणि पुढची तारीख लिहिली. निवृत्त बँक कारकून असलेल्या सहसचिवाला आजींबरोबर बँकेत धाडलं. जाताना बजावलं, “अर्ज दिला तर पोच घेतल्याबिगर टेबल सोडायचं नाही.”

या कामाला नेतृत्व म्हणायचं का, असा प्रश्न शहरातल्या वाचकाला पडेल. तिथं या विषयाला संस्था आहेत, तज्ज्ञ आहेत. चेन्नईच्या सरकारी रुग्णालयात डॉ. व्ही. एस. नटराजन यांनी १९७८ मध्ये वृद्धांसाठी वेगळा बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. पुण्यात डॉ. शरच्चंद्र गोखले यांनी इंटरनॅशनल लॉन्जेव्हिटी सेंटरची भारतीय शाखा उभी केली. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं २०१७-१८ मध्ये देशभरातल्या पंचेचाळिशीपुढच्या ७२ हजारांहून अधिक माणसांची पाहणी केली. त्यात पगार-पेन्शन विचारलीच, शिवाय मुठीची पकड आणि चालण्याचा वेगही मोजला. हे ज्ञान हिंगोलीच्या तांड्यापर्यंत यायचं तर मधे कुणीतरी लागतं, आणि ते मधलं माणूस म्हणजे संघाचा अध्यक्ष. हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. तेच संयुक्त राष्ट्रांचं आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ वर्ष, आणि त्याच वर्षी देशाचं पहिलं ज्येष्ठ नागरिक धोरण आलं. धोरण आणि जिल्हा एकाच वयाचे आहेत. त्यांची गाठ अशा खोल्यांमधून घालावी लागते.

संघाच्या नोंदणीचं प्रमाणपत्र भिंतीवर चौकटीत आहे. ते शोभेचं वाटतं, पण २००७च्या कायद्यात त्याला वजन आहे. पाचव्या कलमाप्रमाणे निर्वाहासाठीचा अर्ज स्वतः ज्येष्ठ व्यक्ती करू शकते. तिला शक्य नसेल तर तिनं अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था करू शकते. संस्था म्हणजे १८६०च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली किंवा लागू असलेल्या अन्य कायद्याखाली नोंदलेली स्वयंसेवी संस्था. सुनावणी उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे होते. सतराव्या कलमानं वकिलाला तिथं मज्जाव केलेला आहे. म्हणून अर्ज साध्या मराठीत, पण मुद्देसूद लिहून देणारा माणूस मोलाचा ठरतो. सुनावणीआधी प्रकरण समेटासाठी पाठवता येतं आणि समेट अधिकारी म्हणून अशा संस्थेचा प्रतिनिधीही चालतो. नोंदणी टिकली तरच हे दार उघडं राहतं.

खोलीत समेटाच्या आधीचा समेट कसा होतो, ते एकदा पाहायला मिळालं. वसमतकडचे एक शेतकरी आणि त्यांचा मुलगा समोरासमोर बसले होते. हळदीचं रान बापानं मुलाला बक्षीसपत्रानं दिलेलं. आता दोन वेळच्या जेवणावरून धुसफूस. गुरुजींनी भांडणाला हात घातला नाही. मुलाला विचारलं, “अण्णांच्या बीपीच्या गोळ्या कोण आणतं?” मुलगा गप्प. मग बापाला, “तुम्ही ह्याला किती दिवसांत नावानं हाक मारली?” बापही गप्प. त्यानंतर त्यांनी बक्षीसपत्राची प्रत मागितली आणि चष्मा लावून ओळ न् ओळ वाचली. सांभाळण्याची अट त्यात कुठंच नव्हती.

ती नसल्यानं काय अडतं, हे गुरुजींनी दोघांनाही समजावलं. तेविसाव्या कलमाप्रमाणे सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ झाला नाही तर परत मिळवता येते. पण डिसेंबर २०२२च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं अशी अट होती हे दिसलं पाहिजे असं म्हटलं. जानेवारी २०२५ मध्ये उर्मिला दीक्षित प्रकरणात त्याच न्यायालयानं कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूनं उदारपणे लावला. तिथं मुलानं वेगळा लेखी शब्द दिलेला होता. “म्हणून आता दोघं मिळून लिहून द्या. महिन्याला किती, दवाखाना कुणाकडं, राहायचं कुठल्या खोलीत,” गुरुजी म्हणाले. कागद झाला. खाली दोन साक्षीदारांच्या सह्या. नव्यानं बक्षीसपत्र करायला येणाऱ्याला आता संघ पहिल्यांदा एकच गोष्ट सांगतो : अट लिहा. घरात रुसवे झाले तरी चालतील, अट लिहा.

बाजाराचा दिवस संपला की राहतं ते कंटाळवाणं काम. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाकडे बदल अर्ज, वर्षाचा हिशेब, लेखापरीक्षण, इतिवृत्त. राज्यभरच्या संघांचा महासंघ, म्हणजे १९८० पासूनचा फेस्कॉम, त्यांच्याकडची पत्रं. या कामाला टाळ्या नाहीत. कार्यकारिणीच्या बैठकीत खरी खणाखणी होते ती सहलीवरून. ज्या बैठकीला मला बसू दिलं, तिथं निम्म्या सदस्यांना वर्षाची शिल्लक तीर्थयात्रेला हवी होती. गुरुजींना त्या पैशात एका तांड्यावर तपासणी शिबिर घ्यायचं होतं. एक सदस्य चिडून म्हणाले, “वर्गणी आम्ही भरायची आन् शिबिर सभासद नसलेल्यांचं?” प्रश्न बिनतोड होता. संघाच्या यादीत निवृत्त शिक्षक, ग्रामसेवक, एसटीतले, महावितरणातले असे पेन्शनर जास्त. बायका थोड्या, आणि त्यातल्या बहुतेक कुणाच्या तरी पत्नी म्हणून आलेल्या. शेतमजूर विधवा यादीत जवळपास नाहीतच. ज्यांना संघाची गरज सगळ्यांत जास्त, त्यांना वर्गणी परवडत नाही आणि बैठकीची वेळ मजुरीची असते.

गुरुजींनी मतदान घेतलं नाही. सहल ठेवली, पण एक मुक्काम कमी करून, आणि वाचलेल्या पैशात शिबिर धरलं. शिवाय ठराव मांडला : पेन्शन नसलेल्यांना वर्गणी नाममात्र, आणि कार्यकारिणीत निदान तीन महिला, त्याही सभासदांच्या पत्नी म्हणून नकोत. कुरकुर झाली, ठराव लिहिला गेला. मला त्यांची हातोटी इथं दिसली. समोरच्याला हरवलं तर तो पुढच्या बैठकीला येत नाही, आणि सत्तरीतला माणूस एकदा यायचा थांबला की बहुधा परत येत नाही.

शिबिर मारुतीच्या सभामंडपात झालं. अध्यक्षांनी आदल्या दिवशी जाऊन दोन गोष्टी पाहिल्या होत्या, खुर्च्या आणि पायऱ्या. डॉक्टरांना उठून चालण्याची चाचणी घ्यायची होती : हात असलेल्या खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. बारा सेकंदांहून जास्त लागले तर पडण्याचा धोका अधिक समजतात. मंडपातल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांना हात नव्हते, म्हणून शाळेतून आणल्या. मंडपाच्या पायरीला कठडा नव्हता, तिथं दोन तरुण उभे केले. तपासणीत रक्तदाब, साखर, डोळे, कान झालंच; पण गर्दी जमली ती चालण्याच्या चाचणीला. घड्याळ लावून कुणी आपल्याला उठताना पाहतंय याची म्हाताऱ्यांना मौज वाटत होती. ज्यांना वेळ लागला त्यांच्या सुनांना बाजूला घेऊन डॉक्टरांनी रात्रीचा दिवा, न्हाणीतला निसरडेपणा, गोळ्या आणि काठी एवढंच सांगितलं. खुब्याचं हाड मोडल्यावरच्या खर्चापुढे हा सल्ला फुकटच म्हणायचा. जिल्ह्यात २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. विद्यार्थ्यांना अशा शिबिरांना पाठवावं, असं पत्र गुरुजींनी लिहून ठेवलं आहे.

या संघटनेच्या नेतृत्वात दुसऱ्या कुठल्या संघटनेत नसेल अशी एक अडचण आहे. कार्यकारिणीतला कोणीही, कधीही, वर्षाच्या मधेच जाऊ शकतो. दोन वर्षांपूर्वी संघाचे कोषाध्यक्ष अचानक वारले, तेव्हा खात्यावर दोनच सह्या होत्या आणि पैसे काही महिने अडकले. आता तीन सह्यांची नावं आहेत, कुठल्याही दोन चालतात. प्रत्येक प्रकरण वहीत अशा तऱ्हेनं लिहिलेलं असतं की नवख्याला ते पुढे नेता यावं. गुरुजी स्वतः पुढच्या निवडणुकीला उभे राहणार नाहीत. त्यांच्या जागी ज्यांचं नाव चालू आहे त्या बाई आरोग्य खात्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका आहेत, आणि बाजाराच्या दिवशी अर्धी वही आत्ताच त्यांच्या अक्षरात आहे.

२०२२ मध्ये देशात साठीपुढची माणसं साडेदहा टक्के होती. २०५० पर्यंत ती वीस टक्क्यांच्या वर जातील, असं संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीचा २०२३चा अहवाल सांगतो. तरुण कामासाठी बाहेर जातात त्या गावांना हा आकडा आधीच कळलेला आहे. कायदा आहे, योजना आहेत, १४५६७ ही सकाळी आठ ते रात्री आठ चालणारी मोफत हेल्पलाइन आहे. या सगळ्यांपर्यंत म्हाताऱ्या माणसाला हाताला धरून नेणारी माणसं कमी आहेत.

१ ऑक्टोबरला, ज्येष्ठ नागरिक दिनी, गावोगावी शाल-श्रीफळ होईल. ते जरूर व्हावं. पण आपल्या गावच्या संघाला तीन प्रश्नही विचारावेत : यादीत पेन्शन नसलेले किती, बायका किती, आणि अध्यक्ष उद्या नसले तर वही कोण उघडणार? आणि तुम्ही निवृत्त तलाठी, पोस्टमास्तर, परिचारिका, बँकेतले कारकून असाल, तर सत्काराची वाट पाहू नका. आठवड्यातला एक बाजाराचा दिवस संघाच्या टेबलाला द्या. अर्ज कसा लिहायचा आणि पोच कशी घ्यायची, हे तुम्हाला येतं.