गर्भिणीचा व बाळंतिणीचा व्यायाम

सुनेला दिवस गेल्याची वार्ता घरांत कळली, कीं तिच्याभोंवतीं उपदेशांची दाटी होते. जाऊबाई म्हणतात, 'जिना चढूं नकोस, नुसती पडून राहा.' आजेसासूबाई म्हणतात, 'आम्ही नवव्या महिन्यापर्यंत जात्यावर बसलों, आम्हांला काय झालें?' दोन्ही बोल मायेचेच. पण पहिल्यानें तिचें अंग आंबतें आणि दुसऱ्यानें ती शिणून जाते. या दोहोंमधील निर्भय वाट वाचक भगिनींपुढें ठेवण्याचें आम्ही योजिलें आहे.

याबाबतींत डॉक्टर मंडळीहि एके काळीं भीत असत. अमेरिकेंतील प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेनें १९८५ सालीं गर्भिणीच्या नाडीचे ठोके मिनिटास १४० च्या वर जाऊं नयेत, असें बंधन घातलें होतें; १९९४ सालीं तें काढून टाकलें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं, आडकाठी नसेल तर गर्भिणीनें व बाळंतिणीनें आठवड्यास निदान १५० मिनिटें मध्यम व्यायाम करावा, अशी शिफारस केली आहे. गरोदरपणांतील मधुमेहाचा धोका त्यानें कमी होतो.

प्रथम डॉक्टरांची अनुमति घ्यावी. रक्तस्राव, वार खालीं असणें, वाढलेला रक्तदाब, तीव्र रक्तक्षय किंवा अकालीं प्रसूतीचें भय असल्यास आपल्या मनानें कांहींच करूं नये. इतरांना चालण्यासारखा सोपा व्यायाम नाहीं. चालतांना बोलतां यावें, पण गातां येऊं नये, इतकाच वेग ठेवावा. उपासाच्या दिवशीं वा भर उन्हांत व्यायाम नको. पहिल्या तीन महिन्यांनंतर फार वेळ उताणें निजून व्यायाम करूं नये. गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडून घेरी येते. तोल जाईल किंवा पोटास धक्का बसेल असे प्रकार टाळावे. रक्त वा पाणी जाणें, छातींत दुखणें, भोंवळ येणें, पोटरी सुजून दुखणें, यांपैकीं कांहींहि दिसतांच थांबून डॉक्टरांना कळवावें.

आतां बाळंतपण. सव्वा महिन्याची विश्रांति हवीच. परंतु विश्रांति म्हणजे खाटेला खिळणें नव्हे. पहिल्या सहा आठवड्यांत पायांच्या शिरांत रक्त गोठण्याचा धोका विशेष असतो. म्हणून प्रकृति ठीक असल्यास लवकर उठून खोलींतल्या खोलींत फिरावें. शिंकतांना लघवी थेंबथेंब जाणें हें दुखणें कित्येक स्त्रिया लाजेनें जन्मभर सोसतात. त्यावरील ओटीपोटाच्या तळच्या स्नायूंचा व्यायाम डॉ. आर्नोल्ड केगेल यांनीं १९४८ सालीं प्रसिद्ध केला. लघवी रोखल्याप्रमाणें ते स्नायू आंवळावे, पांच अंक मोजावे, सैल सोडावे. असें दहा वेळां, दिवसांतून तीनदां. प्रत्यक्ष लघवी करतांना मात्र हा सराव करूं नये. पोट फाडून प्रसूति झाली असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्यानेंच पुढें जावें. धांवणें-उड्या मारणें तीन महिन्यांपूर्वीं नको. मध्यम व्यायामानें दूध आटतें, ही भीति निराधार आहे.

शेवटीं घरच्या वडील मंडळींना आमची एक विनंती. सूनबाईला व्यायामाचें सांगणें सोपें, सवड देणें कठीण. एकत्र कुटुंबांत बाळाला घ्यायला हात पुष्कळ असतात. त्यांतील दोन हात रोज अर्धा तास पुढें आले, म्हणजे तिचें निम्में काम झालेंच.