शॉकअपची सायकल आणि काळ्या मातीचे रस्ते

जून उजाडला की नांदेड-लातूरच्या सायकल दुकानांत एक संवाद हमखास ऐकू येतो. "पप्पा, शॉकअपवालीच घ्या!" आणि वडील किमतीच्या चिठ्ठीकडे पाहत दुकानदाराला विचारतात, "ह्यानं धक्के खरंच कमी बसतात का हो?"

प्रश्न अगदी रास्त आहे. आपल्याकडची काळी माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. वर कितीही खडी अंथरा, खालची जमीन हलतच राहते. लातूरहून चाकूर, अहमदपूर, लोहा करीत नांदेडला जाणारा महामार्ग सोडून एखाद्या वाडीकडे वळले की मुरूम, उघडी खडी आणि बैलगाडीच्या चाकोऱ्या भेटतात. शाळेची पोरे ह्याच वाटेने जातात. मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या मुलींना सायकली मिळाल्या, त्याही ह्याच वाटेवर धावतात. पाठ दुखू लागली की सायकल भिंतीला टेकते, आणि मग शाळा बसच्या वेळेवर अवलंबून राहते.

धक्का शोषणारी पहिली वस्तू स्प्रिंग नव्हे, हवा. जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये बेलफास्टला मुलाच्या तीनचाकीसाठी हवा भरलेला टायर केला, तो ह्याच दुखण्यावर. आपल्या दूधवाल्याची काळी, डबल दांडीची सायकल पाहा. तिचा टायर अठ्ठावीस बाय दीड इंची, म्हणजे सुमारे चाळीस मिलिमीटर रुंद. परदेशात खडीच्या रस्त्यांसाठी लाखा-लाखाच्या 'ग्रॅव्हल बाइक' निघाल्या आहेत. त्यांच्या टायरची रुंदीही साधारण तेवढीच! शिवाय दूधवाल्याच्या सीटखाली जाड स्प्रिंगा असतात आणि पुढचा चिमटा चांगला वाकवलेला असतो. हे शहाणपण आपल्या दारातच उभे होते, म्हणायचे.

चिमट्यातल्या शॉकअपची हवा १९८९ च्या सुमारास डोंगरी सायकलींतून सुरू झाली. उत्तर फ्रान्समधल्या दगडी फरसबंदीवरून जाणारी पॅरिस-रूबे ही शर्यत १९९२ आणि १९९३ मध्ये जिल्बेर ड्युक्लो-लासाल यांनी असा चिमटा लावून जिंकली, १९९४ मध्ये आंद्रेई चमिल यांनी. पण पुढे त्या शर्यतीतून शॉकअप जवळजवळ दिसेनासा झाला. वजन नको होते. त्यापेक्षा रुंद टायर बरा वाटू लागला.

चांगल्या शॉकअपमध्ये दोन कामे होतात. स्प्रिंग किंवा कोंडलेली हवा धक्का झेलते आणि तेल तिची परतीची उसळी आवरते. स्वस्त सायकलीत बहुधा नुसती स्प्रिंग असते. ती खड्ड्यात दबते आणि तितक्याच जोराने वर फेकते. उभे राहून पायडल मारले की पायातला जोर रस्त्याऐवजी स्प्रिंगमध्ये जिरतो. वर किलो-दीड किलोचे ओझे. आपल्याकडची धूळ आणि चिखल नळीत शिरला की दोन पावसाळ्यांत चिमटा खडखडू लागतो. माझे मत स्पष्ट आहे: कमी पैशातला शॉकअप ही शोभेची वस्तू आहे.

हौशी मंडळींच्या ग्रॅव्हल बाइकची गोष्ट निराळी. त्यांच्यासाठी तीस-चाळीस मिलिमीटर दबणारे खास चिमटे निघाले आहेत. मात्र डोंगरी सायकलीचा शंभर मिलिमीटरवाला उंच चिमटा त्या सांगाड्यात बसवू नये. पुढची बाजू दोन सेंटीमीटर उचलली गेली तरी हँडलच्या नळीचा कोन सुमारे एका अंशाने बदलतो, सायकल वळताना सुस्तावते आणि सांगाड्यावर नको तो ताण येतो.

शाळेच्या सायकलीला मात्र आधी हवा तपासावी. दुकानातला पोऱ्या टायर दगडासारखा टणक करून देतो, कारण गिऱ्हाईक अंगठ्याने दाबून पाहते. टायरच्या कडेला छापलेल्या मर्यादेत दाब थोडा उतरवला, तर खडीवरून सायकल मऊ चालते आणि दमही कमी लागतो. फार उतरवला तर रिंग आपटून ट्यूब चिमटते, हेही खरे. त्यानंतर सांगाड्यात मावेल तेवढा रुंद टायर आणि स्प्रिंगची सीट. सीट बदलायला पाना आणि पाच मिनिटे पुरतात. जुनी सीट मात्र दुकानातून आठवणीने परत आणावी. धाकट्याच्या सायकलीला ती कामी येते.