आधी थांबा, मग टिपा

तुडील, महाड, पोलादपूरच्या दमट हवेत घाम अंगावर दिसतो आणि पाण्याची आठवण राहते. घाट ओलांडून बारामती तालुक्यातील सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात गेलात, की कोरड्या वाऱ्यात तोच घाम नकळत वाळतो. उतारवयात तहानेची जाणीवही मंदावते. म्हणून तहानेची वाट न पाहता घोट घोट पाणी घ्यावे. हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास त्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

सुमारे ५ चौरस किलोमीटरच्या या गवताळ रानात चिंकारा दिसतो. जवळ जाऊ लागताच तो उधळतो. शांतपणे वाट पाहणाऱ्याला मात्र छायाचित्राची संधी मिळते. तुमचा संथपणा येथे गुणच ठरतो. सकाळच्या कोवळ्या उन्हात जावे. कॅमेरा डोळ्याला लावून एकही पाऊल टाकू नये, आणि बसल्या जागेवरून सावकाश उठावे.

सोबत्याने चित्रापेक्षा चित्र टिपणाऱ्याकडे लक्ष ठेवावे. चक्कर किंवा बोलण्यात विसंगती जाणवल्यास त्यांना तत्काळ सावलीत नेऊन वैद्यकीय मदत मिळवावी. हुकलेला चिंकारा पुन्हा दिसेल. खुब्याचे मोडलेले हाड मात्र महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळवते.