जपणूक आणि कोंडणूक

संस्कृत व्याकरण शिकवितांना आम्ही मुलांस नेहमीं सांगत असूं कीं, आधीं उत्सर्ग म्हणजे सामान्य नियम पक्का करावा, मग अपवादाकडे वळावें. नुसते अपवाद पाठ करणाऱ्यास भाषा येत नाहीं. तीस वर्षें वर्गांत हें सांगूनहि स्वतःच्या घरांत आम्ही तें विसरलों. त्याची किंमत एका लहान मुलानें दिली, म्हणून ही हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों.

जळगांवानजीकच्या असोदा या गांवीं आमचें एकत्र कुटुंब आहे. आमचा दौहित्र, वय वर्षें बारा, शिक्षणासाठीं आमच्याजवळ राहतो. त्यास हिमोफिलिया आहे. रक्त गोठण्यास जे घटक लागतात त्यांपैकीं आठवा घटक त्याच्या रक्तांत जवळजवळ नाहींच. सुमारें ५,००० मुलग्यांत एकास हा विकार आढळतो. वरच्या खरचटण्यापेक्षां भय असतें तें आंतल्या रक्तस्रावाचें. गुडघा, घोटा, कोपर यांच्या सांध्यांत रक्त उतरतें, आणि असें वारंवार घडल्यास सांधा कायमचा आखडतो.

हा दोष बहुधा मातृकुळांतून येतो. वाहक मातेच्या प्रत्येक पुत्रास तो होण्याचा संभव निम्मा, आणि प्रत्येक कन्या वाहक होण्याचा संभवहि निम्माच. सुमारें एकतृतीयांश रोग्यांत मात्र घराण्यांत पूर्वीं कोणासच नसतां तो नव्यानें उद्भवतो. यांत कोणाचें पाप नाहीं आणि कोणत्या सुनेचा अपराधहि नाहीं. आमच्या कुटुंबाचा धाकटा भाऊ, दाढ काढल्यावर रक्त न थांबल्यामुळें, चौदाव्या वर्षीं गेला. त्या वेळीं रोगाचें नांवहि आम्हां कोणास ठाऊक नव्हतें.

त्या आठवणीनें घरांत निषेधांची यादी वाढत गेली. ओट्यावरून उडी मारावयाची नाहीं, विटीदांडू नाहीं, सायकल नाहीं, पोळ्याच्या दिवशीं बैलांजवळ जाणें नाहीं. शाळेंत खेळाच्या तासाला तो एकटा वर्गांत बसून राही. त्याला सूट मिळावी अशी चिठ्ठी आम्हींच लिहून दिली होती. घरांत बुद्धिबळाचा पट तेवढा त्यास मोकळा होता.

दोन वर्षांपूर्वींच्या पावसाळ्यांत त्यानें मित्राची सायकल चोरून चालविली आणि कोपर आपटलें. सूज दिसण्यापूर्वींच या मुलांस सांध्यांत मुंग्या आल्यासारखें जाणवतें. औषध देण्याची खरी वेळ तीच. पण तो रात्रभर बोलला नाहीं. सकाळीं कोपर भरिताच्या वांग्याएवढें सुजलेलें पाहून आम्हीं रागानें विचारलें, "सांगितलें कां नाहींस ?" तो म्हणाला, "आजोबा, सांगितलें असतें तर तुम्ही बुद्धिबळहि बंद केलें असतें."

यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

नाशिकच्या उपचारकेंद्रांतील डॉक्टरांनीं आमची निषेधांची यादी शांतपणें ऐकून घेतली आणि विचारलें, "हा काय करीत नाहीं तें कळलें, करतो काय?" मग त्यांनीं समजावून दिलें कीं, बसून राहिल्यानें स्नायु दुबळे होतात आणि दुबळ्या स्नायूंचा सांध्यास आधार राहत नाहीं, त्यामुळें रक्तस्राव उलट वाढतो. पोहणें यास फार चांगलें, कारण पाणी देहाचा भार उचलतें आणि सांध्यांस हिसका बसत नाहीं. कुस्ती, कबड्डी असे अंगाशीं अंग भिडण्याचे खेळ मात्र वर्ज्यच.

व्हिक्टोरिया राणीचा पुत्र लिओपोल्ड यास हाच विकार होता. त्यास बुद्धिबळाचा नाद होता; १८८४ सालीं कान येथें पाय घसरून पडल्याचें निमित्त होऊन तो तिसाव्या वर्षीं वारला. रशियाचा युवराज अलेक्सी (१९०४-१९१८) याच्यामागें सांभाळावयास खलाशी ठेवले होते, आणि सायकल त्यास मना होती. त्या आईबापांचें भय रास्तच होतें, कारण तेव्हां औषधच नव्हतें. आज नियमितपणें घटक शिरेंतून देऊन रक्तस्राव होण्यापूर्वींच टाळतां येतो. तीव्र हिमोफिलिया असलेल्या अलेक्स डाउसेट या इंग्रज सायकलपटूनें २ मे २०१५ रोजीं मँचेस्टर येथें एका तासांत ५२.९३७ किलोमीटर अंतर कापून त्या वेळचा जागतिक विक्रम केला. आम्ही मात्र औषध शीतकपाटांत ठेवून अलेक्सीच्या काळांत राहत होतों.

हा घटक अतिशय महाग असतो. परंतु शासकीय उपचारकेंद्रांतून तो विनामूल्य मिळतो. स्वतः या विकारानें ग्रस्त असलेल्या अशोक बहादुर वर्मा यांनीं १९८३ सालीं स्थापिलेला हिमोफिलिया फेडरेशन हा संघ रोग्यांस मार्गदर्शन करतो. २०१६ च्या दिव्यांगहक्क कायद्यांतील २१ प्रकारांत हिमोफिलियाचा समावेश आहे.

आतां आमच्या घरचे नियम थोडे आहेत. ठरलेल्या दिवशीं सकाळीं घटक घ्यावयाचा आणि त्याच दिवशीं जळगांवीं पोहावयास जावयाचें. संध्याकाळीं तबला, रात्रीं बुद्धिबळ. दोन्ही माम्या त्याच्याकडून हरावयास शिकल्या आहेत. ॲस्पिरिन घरांत आणावयाचें नाहीं. डॉक्टरांस विचारल्यावांचून स्नायूंत सुई टोचावयाची नाहीं. आणि मुंग्या आल्या कीं लगेच सांगावयाचें. प्रथम औषध, बर्फ आणि विश्रांति. चौकशी मागाहून, आणि रागावणें मुळींच नाहीं. हा शेवटचा नियम मोठ्यांसाठीं आहे व तोच पाळणें अवघड जातें.

आमच्या याच गांवीं १८८० सालीं बहिणाबाई चौधरी जन्मल्या. अक्षरओळख नाहीं, ऐन तिशींत वैधव्य, शेताघराचें कष्ट. तरी जात्यावर व शेतांत त्यांचें गाणें चालूच राहिलें. त्यांच्या निधनानंतर १९५२ सालीं तें पुस्तकरूपानें जगापुढें आलें. दुःख सरल्यावर गाऊं, अशी वाट त्यांनीं पाहिली नाहीं. घरांतील आजारी मुलासहि बरा झाल्यावर खेळ म्हणून थांबविणें, हें ज्या रोगांत पूर्ण बरें होणें कठीण तेथें आयुष्यच थांबविण्यासारखें आहे.

गेल्या महिन्यांत त्यानें तलावाची पूर्ण लांबी न थांबतां पार केली. सख्ख्या भावास गमावलेली त्याची आजी कांठावर उभी राहून हात मोजीत होती. उजवा हात पाण्यांत किंचित् वांकडा पडतो. त्या रात्रीनंतर त्याच कोपरांत पुन्हां पुन्हां रक्त उतरलें आणि तो सांधा आतां पुरता सरळ होत नाहीं. तो वांकडेपणा आमच्या हिशेबीं जमा आहे. ज्यांच्या घरीं असें मूल असेल त्यांनीं निषेधांच्या यादीशेजारीं विधींची यादीहि आजच लिहावी, आणि ती लिहितांना मुलास जवळ बसवावें.