सर्किट बोर्ड जोडणीसाठी उत्पादकाची निवड : गुणवत्ता प्रमाणपत्रांचा अर्थ व मर्यादा

बीजशब्द : सर्किट बोर्ड जोडणी, आयएसओ ९००१, आयपीसी-ए-६१०, अधिस्वीकृती, लघुउद्योग

१. प्रस्तावना

इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या निर्यातीसाठी १९७३ साली अंधेरी येथे 'सीप्झ' हे क्षेत्र स्थापन झाले. त्याच पश्चिम रेल्वेमार्गावर उत्तरेकडे नालासोपारा पूर्वेतील तुळिंज आणि वसई पूर्वेतील वालीव, गोखिवरे, सातिवली हा लघुउद्योगांचा पट्टा आहे. येथील एखाद्या उद्योजकास रुग्णालयासाठी उपकरण तयार करावयाचे झाल्यास बोर्डावर सुटे भाग बसविण्याचे काम तो सहसा बाहेरच्या उत्पादकाकडे सोपवितो; कारण त्यासाठी लागणारी स्वयंचलित यंत्रसामग्री त्याच्या आवाक्याबाहेर असते. दरपत्रकावरील 'आयएसओ मानांकित' हे शब्द हाच अनेकदा त्याच्यापुढील एकमेव पुरावा असतो. कमकुवत सोल्डर सांधा पहिल्या चाचणीत उघडकीस येईलच असे नाही. तो काही महिन्यांनी, उपकरण रुग्णाजवळ असताना, निकामी होऊ शकतो. म्हणूनच प्रमाणपत्र नेमके काय सांगते आणि काय सांगत नाही, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

२. व्यवस्थेचे प्रमाणपत्र

आयएसओ ९००१ हे मानक प्रथम १९८७ साली प्रसिद्ध झाले. ते कारखान्याची कार्यपद्धती तपासते: कामाच्या नोंदी, दोषांची कारणमीमांसा, उपकरणांचे अंशांकन, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण इत्यादी. एखादा विशिष्ट बोर्ड निर्दोष आहे, असे ते सांगत नाही. तसेच मानक तयार करणारी आयएसओ ही संस्था स्वतः कोणासही प्रमाणपत्र देत नाही. ते काम स्वतंत्र प्रमाणन संस्था करतात.

वैद्यकीय उपकरणांसाठी आयएसओ १३४८५, वाहनउद्योगासाठी आयएटीएफ १६९४९ आणि विमानउद्योगासाठी एएस ९१०० ही मानके याच स्वरूपाची, परंतु अधिक कडक आहेत. भारतात वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू झाल्याने रुग्णालयासाठी उपकरण करणाऱ्यास पहिल्या मानकाचे महत्त्व विशेष आहे.

३. बोर्डाची कसोटी

प्रत्यक्ष बोर्ड स्वीकारार्ह आहे की नाही, हे आयपीसी-ए-६१० या मानकावरून ठरते. त्यात उत्पादनांचे तीन वर्ग आहेत: सर्वसाधारण वस्तू, अखंड सेवेची अपेक्षा असलेली उपकरणे आणि ज्यांचे बंद पडणे परवडणारच नाही अशी उपकरणे. उदाहरणार्थ, चिप स्वरूपाचा भाग आपल्या जागेवरून बाजूस सरकला असल्यास पहिल्या दोन वर्गांत त्याच्या रुंदीच्या ५० टक्क्यांपर्यंतचे सरकणे चालते. तिसऱ्या वर्गात ही मर्यादा २५ टक्के आहे. म्हणजेच एकच बोर्ड एका ग्राहकासाठी उत्तीर्ण, तर दुसऱ्यासाठी नापास ठरतो. खरेदी आदेशात वर्ग नमूद नसेल, तर नंतर वाद घालण्यास आधार उरत नाही. शिवाय 'आयपीसी प्रमाणित' याचा अर्थ बहुधा 'प्रशिक्षित व्यक्ती' असा असतो. या वैयक्तिक प्रमाणपत्राची मुदत दोन वर्षांची असते. ती व्यक्ती नोकरी सोडून गेल्यास पात्रताही तिच्याबरोबर जाते.

४. प्रमाणपत्राचे वाचन

प्रमाणपत्रावरील चार बाबी बारकाईने पाहाव्यात.

(अ) व्याप्ती : तेथे 'बोर्ड जोडणी' लिहिले आहे की केवळ 'विक्री व वितरण'?

(आ) पत्ता : काम ज्या गाळ्यात होणार, त्याचाच पत्ता आहे की मुंबईतील कार्यालयाचा?

(इ) मुदत : आयएसओ ९००१ चे प्रमाणपत्र साधारणतः तीन वर्षांचे असते व दरम्यान दरवर्षी देखरेख ऑडिट होते. त्या ऑडिटचा अहवाल मागावा.

(ई) अधिस्वीकृती : प्रमाणन संस्थेस एनएबीसीबी किंवा तत्सम मान्यताप्राप्त मंडळाची अधिस्वीकृती आहे काय? ती नसल्यास प्रमाणपत्र देणाऱ्याची तपासणी कोणी केली, हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

५. स्थानिक हवामान आणि प्रत्यक्ष पाहणी

कागदपत्रे समाधानकारक असली, तरी प्रत्यक्ष भेट टाळू नये. बहुतेक चिपांची प्लास्टिकची आवरणे हवेतील ओलावा शोषतात. सोल्डर भट्टीच्या उष्णतेने त्या ओलाव्याची वाफ होऊन आवरणास तडे जाऊ शकतात. यासाठी आर्द्रता-संवेदनक्षमतेच्या पातळ्या ठरविल्या आहेत. तिसऱ्या पातळीचा भाग बंद पाकिटातून काढल्यावर १६८ तासांच्या आत वापरावा लागतो. तेही तापमान ३० अंश सेल्सिअस व सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांपेक्षा अधिक नसताना. वसई परिसरातील पावसाळ्यात उघड्या गाळ्यात ही अट पाळली जाणे अशक्यप्राय असते. त्यामुळे कोरडी कपाटे, आर्द्रतामापक, पाकीट उघडल्याच्या वेळेची नोंद आणि स्थिर विद्युतभार जमिनीत सोडणारे मनगटी पट्टे प्रत्यक्ष वापरात आहेत काय, हे जुलै महिन्यात जाऊन पाहणे सर्वांत उपयुक्त ठरते.

६. समारोप

प्रमाणपत्र हे उत्पादकाच्या शिस्तीचे प्रमाण आहे, मालाच्या निर्दोषतेची हमी नव्हे. अप्रमाणित उत्पादकाचे काम उत्तम असू शकते, तसेच प्रमाणित उत्पादकाचे कामही सदोष निघू शकते. मात्र योग्य व्याप्तीचे, योग्य पत्त्याचे व अधिस्वीकृत संस्थेचे प्रमाणपत्र असल्यास दोषाचा माग काढण्याची सोय तरी असते. महाविद्यालयीन प्रयोगशाळांसाठी साहित्य खरेदी करताना आणि विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांना मार्गदर्शन करताना केवळ किमान दराचा निकष न लावता प्रमाणपत्राच्या वाचनाचा हा संस्कार रुजविणे आवश्यक आहे. आजचा विद्यार्थीच उद्या तुळिंजसारख्या परिसरात खरेदी आदेशावर सही करणार असतो.