हर्षद कुळातील एक विशाल संख्या

१२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या डावीकडून वाचली काय किंवा उजवीकडून वाचली काय, सारखीच. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील स्थाननामे घेतली, तर हिचा पहिला अंक कोटी, अब्ज, खर्व ओलांडून ‘मध्य’ स्थानी, परार्धाच्या उंबरठ्यावर बसतो. जन्म मात्र साधा आहे : नऊ वेळा १ मांडून त्या संख्येचा वर्ग करावा.

अशा वर्गांना ‘डेमलो संख्या’ हे नाव दिले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी. डहाणूस जन्मलेले हे गृहस्थ १९३० ते १९६२ पर्यंत देवळालीस शाळामास्तर होते. ज्या रेल्वे स्थानकावर त्यांना ही कल्पना स्फुरली, ते डेमलो म्हणजे आजची डोंबिवली.

आपल्याच अंकांच्या बेरजेने जिला निःशेष भाग जातो, तिला त्यांनी ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणारी, म्हटले. आपल्या संख्येची अंकबेरीज ८१. भाग निःशेष जातो, आणि भागाकारही १२३४५६७९ चा वर्गच निघतो. म्हणजे ही संख्या वर्ग आहे, उलटसुलट सारखी आहे, आणि हर्षदही आहे.

मग १, १२१, १२३२१ ही तिची धाकटी भावंडेही हर्षद असतील, असे वाटणे स्वाभाविक आहे. पडताळा निराळेच सांगतो. १२१ ची अंकबेरीज ४. भाग जात नाही. १२३२१ ची ९; भाग जातो. नवांपैकी पहिली, तिसरी आणि नववी, एवढ्या तीनच हर्षद ठरतात. दहा वेळा १ मांडून वर्ग केला, तर हातचा येऊन डौलच मोडतो : १२३४५६७९००९८७६५४३२१. हिची अंकबेरीज ८२. विषम संख्येस सम संख्येने निःशेष भाग कसा जावा? रूपावरून कुळ ठरवू नये, हा धडा येथे आकडेच देतात.

कापरेकरांच्या या छंदास पुष्कळांनी क्षुल्लक लेखले. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिले, तेव्हा या निवृत्त मास्तरांचे नाव जगभर पोहोचले.

आपल्या सुरतेतील मराठी घरांत मुलांना संख्या भेटते ती बहुधा पगार, हप्ता आणि गुणपत्रिका यांतून, आणि तेथेच तिची धास्ती बसते. हर्षदाच्या शोधास पाटी-पेन्सिलीखेरीज काही लागत नाही. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. चारही अंक सारखे मात्र नसावेत. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करावी. हीच कृती पुनःपुन्हा केल्यास फार तर सात खेपांत ६१७४ येते. हा कापरेकरांचा सुप्रसिद्ध स्थिरांक. तो हर्षद आहे काय, हे मुलांनाच पडताळू द्यावे. वडीलधाऱ्यांनी उत्तर आधी सांगू नये.